इनहिबिटर काढायचा रेडिमेड कॉलम: घ्यावा की नाही? (रबाळ्याच्या लॅबमधून रिव्ह्यू)

मोनोमरमधला (ज्याचे रेणू जोडून पॉलिमर बनतो त्या द्रवातला) इनहिबिटर, म्हणजे तो आपोआप पॉलिमर होऊ नये म्हणून घातलेलं रसायन, काढायचे जे तयार कॉलम मिळतात ना, आत रेझिनचे मणी किंवा पावडर भरलेली प्लास्टिकची नळी, वरून मोनोमर ओतायचा आणि खालून स्वच्छ घ्यायचा, त्याबद्दल लिहितेय. आमची लॅब नवी मुंबईतल्या रबाळे एमआयडीसीत, काम अ‍ॅक्रिलिक अ‍ॅढेसिव्हचं, त्यामुळे एमएमए (मिथाइल मेथाक्रिलेट), ब्युटाइल अ‍ॅक्रिलेट, स्टायरिन, हेमा (हायड्रॉक्सीइथाइल मेथाक्रिलेट) हे सगळे मोनोमर रोजचेच. याआधी कॉस्टिकने (सोडियम हायड्रॉक्साइडच्या पाण्याने) धुणं आणि अल्युमिनाचा कॉलम हे दोन्ही भरपूर केलंय, म्हणून तुलना करूनच सांगते.

आधी थोडं मूळ, कारण नवीन आलेली एमएस्सीची मुलं विचारतात की कंपनी आधी इनहिबिटर टाकते आणि आपण काढतो, हे काय. स्टायरिन बाटलीतल्या बाटलीत हळूहळू घट्ट होतं, उन्हाळ्यात तर जास्तच, म्हणून त्यात टीबीसी (टर्ट-ब्युटाइलकॅटेकॉल, एक इनहिबिटर) घालतात, साधारण 10 ते 15 पीपीएम (दहा लाखात इतके भाग). एमएमए आणि अ‍ॅक्रिलेटमधे एमईएचक्यू (हायड्रोक्विनोनचा मोनोमिथाइल ईथर, तोही इनहिबिटरच) असतं, एमएमएमधे 30 पीपीएमच्या आत, अ‍ॅक्रिलिक अ‍ॅसिडमधे मात्र 200 च्या आसपास. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, एमईएचक्यू आणि टीबीसी दोन्हींना नीट काम करायला विरघळलेला ऑक्सिजन लागतो, त्यामुळे "जास्त सेफ" म्हणून मोनोमरचा साठा नायट्रोजनखाली ठेवू नका, उलटच होतं.

मग काढायलाच हवा का? प्रत्येक वेळी नाही, आणि हे कॉलम विकणारा तुम्हाला सांगणार नाही म्हणून मी सांगते. 1 किलो एमएमएमधे 30 पीपीएम म्हणजे 30 मिलिग्राम एमईएचक्यू, म्हणजे जेमतेम 0.24 मिलिमोल. त्यात 0.1 टक्का एआयबीएन (रिअ‍ॅक्शन सुरू करणारा इनिशिएटर) टाकलं तर ते 1 ग्रॅम, म्हणजे सुमारे 6 मिलिमोल. पंचवीसपट! रिअ‍ॅक्शनच्या आधी नायट्रोजन मारून ऑक्सिजन नीट काढला असेल तर रिअ‍ॅक्शन थोडी उशिरा उचलेल किंवा फरक कळणारही नाही. प्लांटवाले इनहिबिटर काढत बसत नाहीत ते याचमुळे, इनिशिएटर थोडा वाढवतात आणि पुढे जातात. पण राफ्ट (पॉलिमरच्या साखळीची लांबी ताब्यात ठेवणारी पद्धत) करताय, 1 लाखाचं मॉलिक्युलर वेट हवंय आणि एआयबीएन राफ्ट एजंटच्या दहावा हिस्सा घेतलंय, तर त्याच किलोत एआयबीएनच 1 मिलिमोल असतं, तिथे 0.24 म्हणजे चौथा हिस्सा झाला की. आणि हेमा असेल, ज्यात 200-300 पीपीएम सहज असतं, तर इनहिबिटर इनिशिएटरपेक्षा जास्त! तिथे रिझल्ट रिपीट होत नाही म्हणून डोकं धरून बसायचं आणि कारण बाटलीच्या लेबलवरच छापलेलं. कायनेटिक्स, म्हणजे रिअ‍ॅक्शनचा वेग मोजायचं काम, करणाऱ्यांनी तर काढल्याशिवाय सुरूच करू नये.

आता कॉलमवर येते. वापरायला खरंच सोपा. स्टँडला लावा, वरून मोनोमर ओता, सुरुवातीचे थोडे एमएल फेकून द्या, खाली अंबर बाटली बर्फात ठेवा, आणि थेंब थेंब येऊ द्या. घाई करून वरून प्रेशर देऊ नका, वेळच मिळाला नाही तर इनहिबिटर पकडला कसा जाणार. मला सगळ्यात जास्त आवडलं ते म्हणजे यात पाणी कुठेच येत नाही. कॉस्टिकने धुताना काय होतं बघा, 5 टक्के कॉस्टिकबरोबर स्टायरिन सेपरेटिंग फनेलमधे हलवलं की खालचा पाण्याचा थर आधी गुलाबीसर आणि मग तपकिरी होतो, टीबीसी उतरतंय हे डोळ्यांना दिसतं, दोन-तीनदा केलं की रंग यायचा थांबतो. बघायला छान वाटतं, शिकवायलाही छान, पण नंतर न्यूट्रल होईपर्यंत पाण्याने धुवा, सोडियम सल्फेटवर सुकवा, गाळा, आणि एमएमए असेल तर त्यातला थोडा पाण्यात विरघळून जातोच, शिवाय मधेच इमल्शन झालं तर मिठाचं पाणी टाकून वाट बघत बसा. पावसाळ्यात इकडे हवेतच एवढी ओल असते की सुकवलेलं किती सुकलं यावर माझा विश्वास बसत नाही. कॉलममधे हे सगळं वाचतं. हेमा, अ‍ॅक्रिलिक अ‍ॅसिड असल्या पाण्यात मिसळणाऱ्यांना तर कॉस्टिक वॉश मुळातच चालत नाही.

पण दोन गोष्टी नीट बघून घ्या. पहिली, टीबीसीचा कॉलम वेगळा आणि हायड्रोक्विनोन-एमईएचक्यूचा वेगळा असतो. ऑर्डर टाकताना मोनोमरचं नाव नाही तर इनहिबिटरचं नाव बघायचं. डीलरला नुसतं "इनहिबिटर रिमूव्हर पाठवा" म्हटलं तर जो स्टॉकमधे असेल तो येईल, आणि दिसायला दोन्ही सारखेच. दुसरी, किती लिटर निघेल हा आकडा ठरलेला नसतो, तुमच्या मोनोमरमधे किती पीपीएम आहे त्यावर असतो. जो कॉलम 15 पीपीएमवाल्या एमएमएला भरपूर पुरला तोच 250 पीपीएमवाल्या हेमाला लवकर संपेल, आणि संपल्याचं तो सांगत नाही, बाहेर येणारा मोनोमर दिसायला तसाच पाण्यासारखा. म्हणून मी प्रत्येक कॉलमवर मार्करने लिहिते, कुठला मोनोमर, किती एमएल गेला. स्टायरिनसाठी चेक सोपा आहे, बाहेर आलेल्यातलं थोडं घेऊन टेस्ट ट्यूबमधे कॉस्टिकबरोबर हलवा, रंग आला तर कॉलम संपला.

हा कॉलम काय करत नाही तेही सांगते, कारण लोक त्याच्याकडून नको त्या अपेक्षा ठेवतात. जुन्या बाटलीत आधीच झालेला पॉलिमर तो काढत नाही. तो बघायचा तर थोडं स्टायरिन मिथेनॉलमधे टाका, दुधाळ झालं तर पॉलिमर आहे, मग डिस्टिल करा. हेमामधला डायमेथाक्रिलेट, जो नंतर क्रॉसलिंक करून जेल बनवतो, तोही तसाच राहतो, त्याला हेमाचं पाण्यातलं सोल्युशन हेक्झेनने धुवावं लागतं. आणि अ‍ॅक्रिलिक अ‍ॅसिड बेसिक अल्युमिनावर अजिबात ओतू नका, अ‍ॅसिड आणि बेस आहेत, गरम होईल आणि अ‍ॅसिड तिथेच अडकेल. त्याला व्हॅक्यूम डिस्टिलेशन हाच रस्ता.

किंमत. इथे मन थोडं खट्टू होतं. इंपोर्टेड कॉलम असतो, एका कॉलमच्या पैशात देशी बेसिक अल्युमिनाचे बरेच डबे येतात. आमच्या स्टोअरचे काका दर वेळी विचारतात, "मॅडम, एवढ्याशा नळकांड्याला एवढे पैसे?" आणि त्यांचं चुकत नाही. स्टॉकमधे असेल तर तुर्भ्याहून लगेच येतो, नसेल तर आठवडे जातात आणि डीलरचा फोन "उद्या नक्की" वरच अडकतो. म्हणून आता मी दोन्ही वापरते. रोजच्या 10-20 एमएल कामाला काचेच्या पाश्चर पिपेटमधे कापसाचा बोळा, वर बेसिक अल्युमिना, झालं. मोनोमर जसा खाली उतरतो तसा वरचा अल्युमिना पिवळसर होत जातो, तो पट्टा खालपर्यंत पोचायच्या आत थांबायचं. एमएमए, स्टायरिन, ब्युटाइल अ‍ॅक्रिलेट तिन्हीला हे मस्त चालतं. फक्त अल्युमिनाचा डबा आपल्या इथल्या हवेत उघडा राहिला की ओल खातो आणि मग पकड ढिली पडते, तेव्हा झाकण घट्ट, आणि शंका आली तर ओव्हनमधे तापवून डेसिकेटरमधे थंड करून वापरा. रेडिमेड कॉलम मी राखून ठेवते, जेव्हा एकदम जास्त मोनोमर हवा असतो, हेमासारखा जाडसर मोनोमर असतो, किंवा एखादा डेटा कस्टमरकडे जाणार असतो आणि दोन बॅचमधे फरक चालणारच नसतो. मणी सुटेही मिळतात, स्वतःच्या काचेच्या कॉलममधे भरता येतात, ज्यांचं काम मोठं आहे त्यांनी तेच घ्यावं, रिकाम्या प्लास्टिकचे पैसे कशाला.

आता जे सांगायला मी हा रिव्ह्यू लिहायला घेतला. कॉलम इतका सोपा आहे की माणूस 50 एमएल हवे असताना अख्खी बाटली साफ करून ठेवतो, "उद्या लागेलच" म्हणून. असं करू नका. साफ झालेल्या मोनोमरला आता थांबवणारं कोणी नाही. लागेल तेवढंच काढा, त्याच दिवशी वापरा, अगदीच ठेवायचं तर फ्रीझरमधे, अंधारात, तारीख लिहून, आणि थोडंसंच. शनिवारी लाइट गेली आणि फ्रीझर बंद पडला, सोमवारी बाटलीत काय असेल याचा विचार करा. 7 मे 2020 ला विशाखापट्टणमला स्टायरिनच्या टाकीत काय झालं ते सगळ्यांनी वाचलंय, टाकी तापत गेली, आत पॉलिमरायझेशन सुरू झालं आणि वाफ बाहेर वस्तीत गेली, माणसं गेली. चौकशीत टीबीसी पुरेसं नव्हतं हेही पुढे आलं. आपली बाटली त्या मानाने काहीच नाही हे खरं, पण केमिस्ट्री तीच आहे, उष्णतेने वेग वाढतो आणि वेगाने उष्णता.

वापरून झालेला कॉलम पण कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. आत मोनोमर भिजलेला असतो, तोही इनहिबिटर नसलेला. आम्ही तो फ्यूम हूडमधे उघडा ठेवून सुकवतो, मग घातक कचऱ्याच्या पिशवीत, लेबल लावून, आणि तिथून तो तळोज्याच्या केंद्रात जातो. ब्युटाइल अ‍ॅक्रिलेटचा कॉलम असेल तर हूड चालूच राहू द्या, तो वास एकदा लॅबमधे पसरला की घणसोली स्टेशनपर्यंत कपड्यांना येतो.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो किमतीचा. विद्यार्थ्यांनी आधी अल्युमिनाच घ्यावा, कंपनीच्या लॅबमधे मात्र दोन्ही प्रकारचा एकेक कॉलम कपाटात असू द्या.