‘दिवसातील एक तास’ शिकवणारा वर्ग: कॉलेज रोडवरील आठ आठवडे

मी स्वतः शिकवणीचे वर्ग घेते, त्यामुळे दुसऱ्याच्या वर्गाबद्दल लिहिताना हात थोडा आखडतो. नाशिकच्या इंदिरानगरमध्ये दुपारी चारनंतर आठवी ते दहावीची मुले माझ्याकडे गणित शिकायला येतात. सकाळी मी मोकळी असते असे घरातील सर्वांचे मत आहे (माझे नाही), आणि त्या वेळात काही उत्पन्न मिळाले तर बरे, या विचाराने 2025 च्या जूनमध्ये कॉलेज रोड परिसरातील इंट्राडे ट्रेडिंगच्या (शेअरची खरेदी-विक्री एकाच दिवसात पूर्ण करण्याच्या) एका वर्गात मी नाव घातले. पाटीवर ‘घरबसल्या, दिवसातील एक तास’ असे लिहिलेले होते. आठ आठवडे, शनिवार-रविवार सकाळी तीन-तीन तास आणि शुल्क 24,000 रुपये. वर्गाचे नाव येथे देत नाही, कारण अशा पाट्या त्या रस्त्यावर आणखीही आहेत.

शिकवण्याच्या दर्जाबद्दल प्रथम सांगते, कारण तेथे तक्रारीला फारशी जागा नाही. कँडलस्टिक, सपोर्ट आणि रेझिस्टन्स, व्हीवॅप, पहिल्या पंधरा मिनिटांची ओपनिंग रेंज हे भावाचा चार्ट वाचण्याचे सर्व भाग सरांनी घाई न करता, फळ्यावर स्वतः आकृत्या काढून समजावले. स्टॉपलॉस, म्हणजे तोटा जिथे थांबवायचा तो भाव, मनात ठेवायचा नसतो, सौदा होताच त्याची ऑर्डर टाकायची असते, हे त्यांनी इतक्या वेळा सांगितले की त्यांचे वाक्य सुरू झाले की मागच्या बाकावरील मुले ते पूर्ण करत. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीवर काम करणारे तरुण, दोन गृहिणी, एक निवृत्त बँक कर्मचारी आणि निफाडचे एक द्राक्ष बागायतदार अशी आमची तुकडी होती. शॉर्ट सेलिंगच्या दिवशी त्या बागायतदारांनी विचारले, “सर, हातात माल नसताना विकायचा, आणि संध्याकाळपर्यंत विकत मिळालाच नाही तर?” सरांनी हा प्रश्न टाळला नाही. शेअर वरच्या सर्किटला (दिवसाच्या कमाल भावमर्यादेला) अडकला की विकणारा कोणी उरत नाही, घेतलेला सौदा मिटवता येत नाही, आणि मग एक्सचेंज तो माल लिलावातून उचलते व भावातील फरक आपल्या खात्यातून जातो, हे त्यांनी लासलगावच्या कांद्याचा दाखला देऊन अर्ध्या तासात पटवले. पूर्ण अभ्यासक्रमातील माझ्या मते सर्वांत मोलाचा अर्धा तास तोच.

वर्ग सुट्टीच्या दिवशी असल्यामुळे सराव जुन्या चार्टवर होई आणि ते योग्यच होते. मात्र दर बुधवारी सकाळी सव्वानऊला ऑनलाइन ‘लाइव्ह मार्केट’ सत्र असे आणि त्यात चालू भावावर अमुक शेअर पाहा, तमुक पातळी तुटली की घ्या, असे सांगितले जाई. केवळ शिक्षण देणाऱ्यांनी मागील तीन महिन्यांतील भाव वापरून शेअरबद्दल बोलू नये, असे सेबीने (शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने) जानेवारी 2025 च्या परिपत्रकात म्हटले होते. सेबीकडील नोंदणी क्रमांक मी विचारला, तेव्हा “आम्ही सल्ला देत नाही, फक्त शिकवतो” असे उत्तर मिळाले. हे उत्तर शनिवारपुरते मान्य करता येईल. बुधवारपुरते येत नाही.

माझा मुख्य आक्षेप खर्चाविषयी आहे. सोळा दिवसांच्या अभ्यासक्रमात या विषयाला जेमतेम दहा मिनिटे मिळाली. इंट्राडेमध्ये शेअरसाठी कमाल पाचपट मर्यादा मिळते, म्हणजे 16,000 रुपये मार्जिनवर (स्वतःच्या ठेवलेल्या रकमेवर) 80,000 रुपयांचा सौदा करता येतो, हे उत्साहाने सांगण्यात आले. पण खर्च मार्जिनवर नव्हे तर 80,000 वर लागतो, हे वहीत आकडेमोड करताना माझे मला कळले. खरेदी-विक्री मिळून दलाली 40 रुपये, विक्रीवर 0.025 टक्के दराने एसटीटी (शेअर व्यवहारावरील कर) 20 रुपये, एक्सचेंजचे शुल्क पाच रुपयांच्या आत, खरेदीवरील मुद्रांक शुल्क सुमारे अडीच रुपये आणि दलाली व शुल्कावर 18 टक्के जीएसटी असे धरले तर एका सौद्यामागे साधारण 75 रुपये जातात. दिवसाला तीन सौदे आणि महिन्याला वीस दिवस धरल्यास ही रक्कम 4,500 होते. माझे भांडवल 20,000 होते. नफा-तोट्याचा प्रश्न येण्यापूर्वीच त्याचा पाव हिस्सा दर महिन्याला जवळजवळ संपणार होता, आणि गणित शिकवणाऱ्या बाईला ते सातव्या आठवड्यात दिसले, याची मला आजही लाज वाटते.

सेबीने जुलै 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार 2022-23 मध्ये शेअरचे इंट्राडे सौदे करणाऱ्या दहापैकी सात व्यक्तींना तोटा झाला. वर्षात 500 हून अधिक सौदे करणाऱ्यांत हे प्रमाण 80 टक्के होते, आणि तोट्यातील लोकांना तोट्याच्या 57 टक्के इतकी आणखी रक्कम केवळ सौद्यांच्या खर्चावर घालवावी लागली. हे आकडे मी वर्गात काढले, तेव्हा सर हसून म्हणाले, “उरलेले तीन आपण व्हायचे.” मुले हसली. मीही हसले.

दुसरा आक्षेप त्या पाटीवरील एका तासाचा. तास एकच आहे हे खरे, पण तो कोणता हे आपण ठरवत नाही. आम्हाला शिकवलेली पद्धत सव्वानऊ ते सव्वादहा याच वेळेची होती आणि त्या वेळात फोनसुद्धा घेऊ नये, अशी सरांची सूचना होती. माझ्या घरी नेमका तोच वेळ सासूबाईंच्या औषधांचा, मुलाच्या डब्याचा आणि दारावरच्या बेलचा असतो. एकदा पावणेदहाला गॅस सिलिंडर आला, स्टॉपलॉसची ऑर्डर मी टाकलेली नव्हती, आणि पावती घेऊन परत येईपर्यंत 640 रुपये गेले होते. चूक निर्विवाद माझीच. परंतु सोयीनुसार करता येणारे काम म्हणून जे विकले गेले, ते कारखान्याच्या पहिल्या पाळीइतकेच वेळेचे बांधलेले निघाले.

वर्ग संपल्यावर आधी कागदावर सराव केला. त्यात वीस दिवसांत 11,400 रुपये ‘मिळाले’, कारण त्या कागदावर दलाली नव्हती आणि भीतीही नव्हती. नंतर प्रत्यक्ष 22 दिवसांत 61 सौदे केले. भावातील फरकातून 2,140 रुपये नफा झाला, खर्च 4,590 रुपये आला, आणि हाती 2,450 रुपयांचा तोटा राहिला. कराचा भाग तर वर्गात आलाच नाही: हे सट्टा व्यवसायाचे उत्पन्न धरले जाते, त्यासाठी आयटीआर-3 हे आयकर विवरणपत्र भरावे लागते आणि त्यातील तोटा पुढील चार वर्षे फक्त अशाच उत्पन्नातून वजा होतो, हे मला करसल्लागाराकडून समजले.

ज्यांच्याकडे सकाळ खरोखर रिकामी आहे, गमावले तरी चालतील असे पैसे वेगळे आहेत आणि चार्ट वाचायला कोणी समोर बसून शिकवावे असे वाटते, त्यांनी हा वर्ग लावायला हरकत नाही. मात्र 24,000 ही रक्कम मला फार जास्त वाटते. प्राथमिक ज्ञानासाठी सेबीची गुंतवणूकदार प्रमाणपत्र परीक्षा एनआयएसएम या सेबीच्या प्रशिक्षण संस्थेमार्फत विनामूल्य देता येते. तिचे अभ्यास साहित्य आधी वाचावे आणि मग फी भरावी. घरातील खर्च या उत्पन्नातून भागवण्याची ज्यांना निकड आहे, त्यांना मी हा वर्ग सुचवणार नाही.

ऑप्शन्सचा (शेअरच्या भावावर आधारित करारांच्या सौद्यांचा) ‘दुसरा स्तर’ 38,000 रुपयांचा आहे. त्यासाठी वर्गाच्या कार्यालयातून मला अजूनही फोन येतात, बहुतेक वेळा सकाळी साडेनऊच्या सुमारास.