विंडोज ११ न चालणारा जुना संगणक: ठेवावा, लिनक्सवर न्यावा की बदलावा?

विंडोज १० चा मोफत आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (संगणकातील सुरक्षेची चिप किंवा सोय) आणि इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागत असल्याने नाशिकच्या पंचवटीतल्या करसल्लागारापासून पिंपळगावच्या द्राक्ष बागायतदारापर्यंत अनेकांची धडधाकट यंत्रे अडकून पडली आहेत. प्रोसेसर चालण्याजोगा असेल, तर आधी बायोस, म्हणजे संगणक सुरू होतानाची मूळ सेटिंग्ज, उघडून पाहावे. टीपीएम पुष्कळदा बंद ठेवलेले असते आणि इंटेलच्या बोर्डावर पीटीटी, तर एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम या नावाने सापडते.

विंडोज १० वरच राहायचे, तर घरगुती संगणकाला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळण्याची सोय आहे; मायक्रोसॉफ्ट खात्याशी सेटिंग्ज जोडल्यास ती मोफत, अन्यथा ३० डॉलर. कार्यालयांसाठीची योजना वेगळी असून पहिल्या वर्षी दर यंत्रामागे ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट असा तिचा दर आहे. म्हणजे ही उसनी मुदत आहे, आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर टॅली व डिजिटल स्वाक्षरीचा टोकन ज्यांच्या रोजच्या कामात आहे, त्यांनी ती नवीन यंत्राची तजवीज होईपर्यंतच वापरावी.

केवळ ब्राउझर, ईमेल, पत्रव्यवहार आणि मुलांचा अभ्यास एवढेच काम असेल, तर माझे मत निःसंशय लिनक्स मिंट या विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत प्रणालीच्या बाजूने आहे. तिची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती ४ जीबी रॅमवर नीट चालते, २२ व्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत आणि इनस्क्रिप्ट या कळफलकाने मराठी टंकलेखनही होते. मात्र टॅली तिच्यावर थेट चालत नाही, आणि युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमधल्या जुन्या फायली असतील तर त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात. डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरून मिंट सुरू करता येते. तेव्हाच प्रिंटर आणि वायफाय तपासावे.

अटी चुकवून विंडोज ११ बसवणेही शक्य आहे, पण पुढील अपडेटची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. हिशेबाच्या यंत्रावर हा खटाटोप नको.

यंत्र बदलायचेच ठरले, तर नाशिकच्या महात्मा गांधी रोडवर चौकशी करताना वापरलेल्या संगणकाच्या प्रोसेसरचा क्रमांक स्वतः वाचावा. आय५-७५०० सातव्या पिढीचा, म्हणजे पुन्हा तीच अडचण, आय५-८५०० चालेल. टीपीएम डॉट एमएससी (tpm.msc) ही आज्ञा दुकानातच देऊन आवृत्ती २.० दिसते का ते पाहावे, आणि पैसे त्यानंतर मोजावेत.