१यू की २यू? वरच्या मजल्यावर कोण झोपतं, ते आधी बघा

रॅक ठरलाय, ऑनलाइन यूपीएस ठरलाय आणि सर्व्हर १यू घ्यावा की २यू (यू म्हणजे रॅकमधल्या उंचीचं माप, २यू दुप्पट उंच), इथे गाडी अडलीय, अशांसाठी हे लिहितोय. मी दोन्ही वापरलेत. आधी १यू, मग २यू, दोन्ही रिफर्बिश्ड. ऑफिस चिपळूणला, माणसं अकरा. टॅली, फाइल शेअर, हजेरीचं सॉफ्टवेअर आणि दोन-तीन व्हर्च्युअल मशीन, एवढाच संसार.

कोअर आणि रॅमच्या तक्त्यात मी शिरत नाही, कारण तिथे निवडण्यासारखं फार नसतं. एका पिढीची जोडी घेतली, म्हणजे २०१४ च्या पिढीतले एचपीचे डीएल३६० (१यू) आणि डीएल३८० (२यू), किंवा डेलचे आर६३० (१यू) आणि आर७३० (२यू), तर दोन्हींत प्रोसेसर दोन आणि रॅमच्या जागा चोवीस. आतला जीव एकच, खोकं वेगळं. टॅलीला तर फरक कळणारच नाही. फरक कळतो तो सर्व्हर बसवणाऱ्याला, झाडणाऱ्याला आणि शेजाऱ्याला. माझ्याकडचे कोणत्या कंपनीचे ते सांगत नाही. पुढे जी तक्रार आहे ती कंपनीची नाही, उंचीची आहे.

बसवण्यापासून सुरुवात करू. २यू अर्थातच जड. डिस्का भरल्यावर तो भरलेल्या घरगुती सिलिंडरच्या घरात जातो, आणि सिलिंडरला निदान वर धरायला कडी असते. रेलवर चढवायला दोन माणसं लागतातच. तिसरा नुसता ‘जरा डावीकडे, अजून जरा’ म्हणायला असला तरी उपयोगी पडतो. १यू मी एकट्याने चढवलाय, उतरवलाय. रेलची चूक मात्र दोघांतही सारखीच होते. रॅकच्या एका यूमध्ये तीन भोकं असतात, पण त्यांतली अंतरं सारखी नसतात: १५.९, १५.९ आणि मग १२.७ मिलिमीटर. जी दोन भोकं जवळजवळ दिसतात त्यांच्या मधोमध एक यू संपून दुसरा सुरू होतो. हे न बघता केज नट (रॅकच्या भोकात बसणारे चौकोनी नट) ठोकले की पुढची रेल एक भोक वर, मागची एक भोक खाली, आणि सर्व्हर अर्ध्यात अडकून बसतो. केज नट बोटांनी दाबू नका, हत्यार वापरा. मी नखासकट शिकलोय.

पुढून मागे लागणाऱ्या खोलीच्या बाबतीतही दोघे भाऊभाऊ. १यू चपटा दिसतो म्हणून लोकांना वाटतं की तो भिंतीवरच्या नेटवर्किंगच्या रॅकमध्ये मावेल. नाही मावत. दोन्हींची लांबी ७०० मिलिमीटरच्या आसपास, शिवाय मागे केबल वळायला जागा हवी. ६०० खोलीचा रॅक घेऊन बसला असाल तर आधी तो बदला, मग पुढचं वाचा. १००० खोलीचा घ्या.

आता १यूचं ऋण. २२ जुलै २०२१ च्या पहाटे वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा आमचं ऑफिस तळमजल्यावर होतं. पाणी उंबऱ्याशी असताना मी केबल ओढल्या, रेलचे खटके दाबले आणि १यू काखेत मारून जिन्याने वर गेलो. यूपीएस, स्विच, टेबलं, फायली, सगळं गेलं. डेटा राहिला. त्या जागी २यू असता तर मी तो एकट्याने उचलला नसता, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. रॅकचा नियम असा की जड वस्तू तळाशी, म्हणजे यूपीएस सगळ्यात खाली. नियम बरोबरच आहे, नाहीतर रॅक पुढे कलंडतो. पण आमच्याकडे आता खालचे सहा यू रिकामे आहेत, रॅक मागून भिंतीला बोल्ट मारून पक्का केलाय आणि यूपीएस त्याच्या वरून सुरू होतो. पुस्तकातला नियम लिहिणाऱ्याने वाशिष्ठी बघितली नसावी.

पुरानंतर ऑफिस पहिल्या मजल्यावर हललं, राहत्या इमारतीत. आणि इथे माझ्या निर्णयाची खरी गोष्ट सुरू होते.

बाजारात असताना रात्री आसपास कोणी नसायचं, त्यामुळे १यूचा आवाज हा प्रश्नच नव्हता. नव्या जागी सर्व्हरच्या खोलीच्या बरोब्बर वर एका काकूंची झोपायची खोली. पहिला पावसाळा. कोकणात पावसाळ्यात तारेवर फांदी पडते आणि लाइट जाते, ती कधी येईल ते फांदीवर अवलंबून. आमचा यूपीएस वीस-पंचवीस मिनिटं ओढतो. बॅटरी उतरली की सर्व्हर रीतसर बंद होतो. त्यासाठी नेटवर्क यूपीएस टूल्स हे सॉफ्टवेअर बसवलंय, ते चोख काम करतं. मग रात्री तीनला लाइट येते, सर्व्हर आपला आपण सुरू होतो आणि सुरू होताना पहिलं मिनिटभर सगळे पंखे पूर्ण वेगाने फिरवतो.

१यूची उंची ४४.४५ मिलिमीटर. आत मावतो तो चाळीस मिलिमीटरचा पंखा. २यूत साठचा बसतो, म्हणजे क्षेत्रफळ सव्वादोन पट. तेवढीच हवा ओढायला छोट्या पंख्याला कितीतरी जोरात पळावं लागतं, आणि पळताना तो किंचाळतो. मी डेसिबल मोजले नाहीत. तिसऱ्या दिवशी जिन्यात काकू भेटल्या आणि म्हणाल्या, “अहो, पहाटे तीनला चटणी कुणासाठी वाटता?” माझ्यासाठी तेवढं मोजमाप पुरलं.

मी उपाय केले नाहीत असं नाही. बायोसमध्ये (सर्व्हरच्या मूळ सेटिंगमध्ये) ‘वीज परतल्यावर काय करायचं’ ही सेटिंग असते: सुरू हो, बंद राहा किंवा आधीच्या स्थितीत जा. आधी ‘आधीची स्थिती’ ठेवून बघितली. पण यूपीएसने रीतसर बंद केलेल्या सर्व्हरची आधीची स्थिती ‘बंद’च असते, त्यामुळे तो बंदच राहिला. त्यापेक्षा सरळ ‘बंद राहा’ ठेवलं आणि सकाळी फोनवरून रिमोट मॅनेजमेंटने सुरू करायचं ठरवलं. एचपीचं आयलो असो, डेलचं आयड्रॅक असो, सर्व्हर बंद असला तरी प्लगला वीज आहे तोवर ते जागं असतं, म्हणून ही युक्ती चालते. चार दिवस चालली. पाचव्या दिवशी मी खेडला कामाला गेलो, विसरलो, आणि पावणेदहाला फोन: “सर, टॅली उघडत नाहीये.” अकरा माणसं चहा पीत बसलेली.

मग पंख्यांचा वेग कमांड देऊन कमी करायचा प्रयत्न केला. काही सर्व्हरांत तो करता येतो, माझ्यातही झाला. पण सुरू होतानाच्या त्या पहिल्या मिनिटात तो कुणाचंच ऐकत नाही, कारण ऐकणारा भाग तेव्हा स्वतःच जागा होत असतो. आणि नेहमीचा वेग हाताने खाली आणून ठेवणं मला पटलं नाही. सर्व्हरच्या तोंडाशी हवा १८ ते २७ अंश असावी अशी वातानुकूलन अभियंत्यांच्या संघटनेची, अ‍ॅश्रेची शिफारस आहे. मे महिन्यात एसी बंद पडला तर आमच्या खोलीत ते गणित कोलमडतं, आणि तेव्हा पंख्यांना पळू द्यायलाच हवं. रॅकच्या दाराला आतून फोम लावा, असंही एकाने सुचवलं. म्हणजे हवेचा रस्ताच बंद. नको.

त्यामुळे २०२२ च्या दिवाळीनंतर २यू आला. तो सुरू होताना आवाज करत नाही असं अजिबात नाही. करतो, चांगला मिनिटभर करतो. पण त्याचा सूर खालचा आहे, गिरणीच्या पट्ट्यासारखी घरघर. स्लॅबमधून वर किती जाते ते मला माहीत नाही. पुढच्या पावसाळ्यात काकू जिन्यात भेटल्या तेव्हा त्यांनी गुडघ्यांबद्दल सांगितलं, चटणीबद्दल नाही. मीही विषय काढला नाही.

आवाजापायी घेतला, पण नंतर २यूचे दोन गुण जास्त कामाला आले.

पहिला डिस्कांचा. माझ्या १यूत अडीच इंची आठ डिस्का. त्यातली एक गेली की अडीच इंची एसएएस (सर्व्हरसाठीची) डिस्क चिपळुणात मिळणार नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला कुणाला तरी सांगायचं, ती कुरिअरने यायची आणि तोवर रेड (एक डिस्क गेली तरी डेटा राहील अशी डिस्कांची मांडणी) एका पायावर उभी. २यू मी साडेतीन इंची बारा खणांचा घेतला. साडेतीन इंची साटा (साध्या पीसीतही चालणारी) डिस्क संध्याकाळपर्यंत गावातच मिळते. फक्त दुकानदार सीसीटीव्हीसाठी आणलेली डिस्क पुढे करेल, ती घेऊ नका. सर्व्हर किंवा नॅससाठीचीच (नेटवर्कवरच्या स्टोरेजसाठीची) मागा, आणि एसएमआर प्रकारची (एकमेकांवर चढलेल्या पट्ट्यांत लिहिणारी) नको हे बजावून सांगा, रीबिल्डला, म्हणजे नव्या डिस्कवर डेटा पुन्हा भरताना, ती जीव काढते. प्रत्येक खणाच्या ट्रेवर मार्करने क्रमांक लिहून ठेवलेत. पुन्हा पाणी आलं तर सिलिंडर उचलायचा नाही, डिस्का काढून पिशवीत भरायच्या. रेडची मांडणी डिस्कांवरही नोंदलेली असते, त्यामुळे तशाच कंट्रोलरच्या दुसऱ्या सर्व्हरमध्ये घातल्या की ‘फॉरेन कॉन्फिगरेशन’ म्हणून ओळखल्या जातात आणि इम्पोर्ट करता येतात.

दुसरा गुण म्हणजे आत हात जातो. १यूत सगळं एकावर एक दडपलेलं. माझ्यात घड्याळ चालवणारी नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी रायझर कार्डाच्या (विस्तार कार्डं आडवी बसवायच्या कार्डाच्या) खाली होती. ती बदलायला कार्ड, मग केबल, मग हवेचं प्लास्टिकचं झाकण, असा आख्खा संसार काढावा लागायचा. आणि जिथे लाइट सारखी जाते तिथे ही बॅटरी मेली की सर्व्हर उठतो तो भलत्याच सालात. घड्याळ पाच मिनिटांहून जास्त चुकलं की डोमेनचं (ऑफिसच्या नेटवर्कचं) लॉगिन नाकारलं जातं. कारण शोधताना माणूस नेटवर्क केबल उपटत बसतो. मी बसलो होतो. २यूत झाकण उघडलं की बॅटरी समोर. ब्लोअर मारतानाही पंखे एकेक करून उपसता येतात (लावलेल्या पंख्यावर ब्लोअर मारायचा तर पातं बोटाने धरून ठेवा, भरधाव फिरू देऊ नका). विस्तार कार्डं तर सांगायला नको: १यूत दोन-तीन, तीही बहुतेक बुटकी, २यूत सहा-सातपर्यंत, आणि पूर्ण उंचीची बसतात.

विजेच्या बिलात काय फरक, असं हमखास विचारतात. मी मीटर लावलेला नाही. सर्व्हर सरासरी दीडशे वॅट खातो असं धरा, की महिन्याला साधारण १०८ युनिट झाले; त्यात उंचीपेक्षा डिस्कांच्या संख्येचा वाटा मोठा असावा. दोन पॉवर सप्लाय दोघांतही असतात. दोन्ही एकाच यूपीएसच्या एकाच पट्टीत खोचू नका. आणि त्याआधी अर्थिंग तपासून घ्या. न्यूट्रल-अर्थमधला व्होल्टेज दोन-तीनच्या वर दाखवत असेल तर सर्व्हर कोणता घ्यावा हा प्रश्न नंतरचा, आधी अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा.

ओलाव्याला आणि पालींना दोघेही सारखेच प्रिय. रॅकमधल्या रिकाम्या जागांवर ब्लँकिंग पॅनल लावले की मागची गरम हवा पुढे येत नाही, हे खरं कारण; आमच्याकडे पाल येत नाही, हे जास्त खरं कारण.

तर मग १यू कुणी घ्यावा? सर्व्हर ऐरोली-महापेच्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये ठेवणार असाल तर डोळे झाकून १यू. तिथे जागेचं भाडं यूवर असतं, आवाजाला कोणी विचारत नाही, आणि डिस्का लागल्या तर त्या वेगळ्या स्टोरेजमध्ये जातात. कारखान्यात, गोदामात, जिथे रात्री फक्त वॉचमन असतो, तिथेही १यू उत्तम. तुम्हाला एकट्यालाच सगळं उचलायचं असेल आणि गाव नदीकाठी असेल, तर मी तुम्हाला २यू घ्या म्हणताना जरा अडखळेन. एरवी ऑफिस राहत्या इमारतीत असेल, किंवा रॅकपासून दहा फुटांवर कोणी हिशेब लिहीत बसणार असेल, तर मी २यूकडेच वळेन. घेताना रेल सोबत आहेत ना ते बघा. रिफर्बिश्डवाले रेल ‘नंतर पाठवतो’ म्हणतात, आणि रेलशिवायचा २यू रॅकमधल्या शेल्फवर ठेवला की झाकण उघडायला प्रत्येक वेळी तो बाहेर उचलून काढावा लागतो.

जुना १यू मी विकला नाही. तो त्याच रॅकमध्ये वर आहे आणि आठवड्याच्या बॅकअपपुरता सुरू होतो. दुसरी प्रत डिस्कवर, पुण्याला बहिणीकडे. सुरू व्हायची वेळ रविवारी दुपारी चारची लावलीय; तेव्हा काकू टीव्ही मोठ्याने लावून बसलेल्या असतात.