पॉवरलाइन अ‍ॅडाप्टर : नेट चांगलं, पण घरात शॉर्टवेव्ह रेडिओ ऐकत असाल तर घेऊ नका

आमच्या जुन्या पुणेरी घराच्या भिंती जाड, हॉलमधलं वाय-फाय मागच्या खोलीत पोचत नाही. म्हणून लेकीच्या ऑनलाइन क्लासेससाठी पॉवरलाइन अ‍ॅडाप्टरचा हा जोड आणला. एक डबी राउटरजवळच्या सॉकेटात, दुसरी मागच्या खोलीत. डेटा घरातल्या वायरिंगमधूनच जातो. बसवायला सोपं. फक्त स्पाइक गार्डमध्ये लावू नका, थेट भिंतीतल्या सॉकेटात लावा. खोक्यावर ५०० एमबीपीएस छापलंय, पण लॅन पोर्ट, म्हणजे नेटची केबल लावायची जागा, १०० चीच आहे, तेव्हा त्यावर काही मिळणार नाही. क्लास मात्र न अडकता चालले.

अडचण झाली अण्णांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. ते रोज संध्याकाळी रेडिओवर शॉर्टवेव्हचा ३१ मीटर बँड लावतात. डब्या सुरू केल्या आणि स्टेशनं खरखरीत बुडाली. लेकीने व्हिडिओ लावला की खरखर दाट व्हायची, थांबवला की नुसती टकटक. रेडिओ सेलवर चालवून पाहिला, तरी तेच. डब्या उपटल्या की बँड स्वच्छ.

या डब्या साधारण २ ते २८ मेगाहर्ट्झमध्ये काम करतात, म्हणजे शॉर्टवेव्हच्याच पट्ट्यात. लॅन केबलमधल्या तारा जोडीजोडीने पिळलेल्या असतात, त्यामुळे बाहेर फारसं काही सांडत नाही. घरातल्या वायरिंगचं तसं नसतं. फेज बटणापर्यंत एकटी जाते, तिथून दिव्याकडे वळते, न्यूट्रल भलत्याच वाटेने येते. मग सगळं घरच अँटेना होतं! आणि मीटरपाशी हा सिग्नल पुरता अडत नाही, त्यामुळे शेजाऱ्यांच्या रेडिओलाही त्रास होऊ शकतो. मीडियमवेव्हवर काही फरक नव्हता. ७९२ किलोहर्ट्झवरचं पुणे आकाशवाणी छान लागत होतं.

मला राग याचा आला की ७ ते ७.३ मेगाहर्ट्झ हा अमेरिकेतल्या हॅमवाल्यांचा, म्हणजे हौसेने रेडिओ संदेश पाठवणाऱ्यांचा, पट्टा यात गाळलेला आहे. तिथे जवळजवळ शांत, आणि ७.३ च्या पुढे गेलं की खरखर उसळते. म्हणजे गाळणं जमतं. अशा डब्यांसाठीच्या युरोपातल्या २०१३ च्या ईएन ५०५६१-१ मानकात तर स्टेशन लागत असेल तिथे प्रसारणाच्या पट्ट्यांतही सिग्नल दाबायला सांगितलंय. आपल्याकडे विकताना खोक्यावर निदान एक ओळ छापायला काय हरकत आहे? अण्णांसारख्यांचा रेडिओ हा त्यांचा रोजचा सोबती असतो.

दुकानदाराने जोड परत घेतला. एसीच्या पाइपच्या भोकातून कॅट-६ लॅन केबल ओढून घेतली; वेगही जास्त मिळतो.