कॅट काढून सरळ पाइप: आठ महिन्यांनंतर, सीट बेल्ट हुंगत

गाडीचा कॅट, म्हणजे धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा डबा, काढून मी तिथे सरळ पाइप टाकला. आवाज कसा झाला ते वाचायला आला असाल तर लगेच सांगून मोकळा होतो. आवाज झकास. पहिले पंधरा दिवस मी कारण नसताना गिअर खाली टाकत हिंडलो. ताकद वाढली का? घड्याळ लावून पाहिलं, मला तरी काही फरक दिसला नाही. बाकी सगळं लिखाण वासाबद्दल आहे.

इंजिन व्ही-सिक्स, म्हणजे सिलिंडरच्या दोन रांगा, त्यामुळे कॅट दोन. एक इग्निशन कॉइल मरायला टेकली होती आणि कॉइलचे पैसे वाचवायचे म्हणून मी तीन आठवडे मिसफायर (एका सिलिंडरात ठिणगी चुकणं) अंगावर काढला. न जळलेलं पेट्रोल थेट कॅटमध्ये जाऊन तिथे जळत राहिलं. आतली सिरॅमिकची जाळी वितळली, फुटली आणि आयडलिंगला डब्यात खडे घातल्यासारखी खुळखुळायला लागली. नव्या जोडीचा भाव ऐकून मी गप्पच झालो. त्याच्या पाव खर्चात मेकॅनिक दोन्हींच्या जागी सरळ पाइप वेल्ड करून द्यायला तयार होता. मी हो म्हणालो. अनेक देशांत रस्त्यावरच्या गाडीचा कॅट काढणं बेकायदा आहे, आणि हे मला माहीत नव्हतं असं म्हणणार नाही.

जुने दोन्ही कॅट भंगारात दिले. घासाघीस न करता माणसाने पैसे मोजले, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं हे मी नंतर वाचलं. असो.

कॅटमागच्या ऑक्सिजन सेन्सरखाली स्पेसर, म्हणजे त्याला धुरापासून जरा लांब धरणारी नळी, लावल्यामुळे कॅट काम करत नाही असं सांगणारे पी०४२० आणि पी०४३० कोड आले नाहीत. चेक इंजिनचा दिवा विझलेला, मी खूश. मग तिसऱ्या आठवड्यात बायको म्हणाली, "कपड्यांवर पेट्रोल सांडलंस का?"

सांडलं नव्हतं. सीट बेल्ट नाकाशी धरला तेव्हा उलगडा झाला. छातीवरून जाणारा पट्टा अगदी भिजून वाळल्यासारखा वास मारत होता. त्या दिवसापासून मला नाद लागला: गाडीत बसलो की आधी बेल्ट हुंगायचा. मुलगी माझी नक्कल करून दाखवते.

वास कुजक्या अंड्याचा नाही. तो हायड्रोजन सल्फाइडचा, आणि हवा-पेट्रोलच्या मिश्रणात पेट्रोल जास्त झालं की तो कॅटमध्येच तयार होतो. कॅटच नाही तर तो कुठून येणार? हा कच्च्या पेट्रोलचा, डोळे चुरचुरवणारा, जुन्या कार्बोरेटरवाल्या गाड्यांचा वास. सुरुवातीला मला तो आवडलासुद्धा, लहानपण आठवलं. लहानपण रोज सकाळी सातला नाकात शिरायला लागल्यावर आवड संपली.

थंड इंजिनाला ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोल जास्त पाजतो आणि कॅटही साधारण २५० ते ३०० अंशांना पोचल्याशिवाय नीट काम करत नाही. म्हणजे सुरुवातीला धड गाडीलाही थोडा वास येतोच. पण तिचा काही वेळात जातो, माझा सिग्नलपर्यंत सोबत यायचा. त्यात मागची काच दोन बोटं उघडी ठेवली की खेळ खल्लास. चालत्या गाडीमागे हवेचा दाब कमी असतो, धूर तिथेच घुटमळतो आणि फट मिळाली की आत ओढला जातो. मी डिकीचं रबर बदललं. पैसे वाया. एसी आतल्या हवेवर ठेवला, तर एकदा आत आलेला वास आतच फिरत राहिला.

इथपर्यंतचं मी चौथ्या महिन्यात लिहून ठेवलं होतं आणि खाली सरळ पाइपला भरपूर शिव्या होत्या. त्यातल्या निम्म्या आता खोडतो.

कारण एकदा सहज स्कॅनर लावला. लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू नेहमीपेक्षा किती टक्के जास्त पेट्रोल देतोय तो आकडा, सिलिंडरच्या एका रांगेचा दोनवर, दुसरीचा चौदावर. गाडीखाली शिरलो तर पुढच्या सेन्सरच्या अलीकडे, इंजिनाच्या बाजूला, पाइपच्या जोडावर पिसासारखा पसरलेला काळा डाग. सकाळी थंड इंजिन चालू केलं, मुलीला मागच्या नळकांड्यावर जाड फडकं क्षणभर दाबून धरायला सांगितलं आणि डागापाशी फस-फस ऐकू आलं. मेकॅनिकने जोडातली जुनीच चकती (गॅस्केट) परत बसवली होती. अशा गळतीतून धूर बाहेर येतो तशी मधूनच बाहेरची हवा आतही ओढली जाते. सेन्सरला वाटतं मिश्रणात पेट्रोल कमी आहे, ईसीयू आणखी पेट्रोल ओततो, आणि जास्तीचं पेट्रोल जाळायला पुढे कॅट नाही. "सरळ पाइप म्हटल्यावर वास येणारच" हे त्याचं पालुपद मी चार महिने खरं मानलं होतं.

नवं गॅस्केट बसवल्यावर ट्रिम तीनवर आला, मायलेज सुधारलं, वास निम्म्यावर आला. तुमच्याकडेही असा पाइप असेल तर आधी तो काळा डाग शोधा.

उरलेला निम्मा मात्र गेला नाही आणि जाणार नव्हता. मिश्रण अगदी बरोबर असलं तरी इंजिनातून अर्धा ते एक टक्का कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो, जोडीला थोडे हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड. ते निस्तरणं हेच कॅटचं काम. आणि मोनॉक्साइडला वासच नसतो. म्हणजे आठ महिने मी बेल्ट हुंगून ज्याचा अंदाज घेत होतो, त्यातला सगळ्यात वाईट भाग माझ्या नाकाला कळणारच नव्हता. मग अलार्म आणला. तो एकदाही वाजला नाही म्हणून खूश झालो, नंतर त्याचं माहितीपत्रक वाचलं: ७० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग मोनॉक्साइड) वाजायला एक ते चार तास लागू शकतात. तेवढ्यात मी ऑफिसात पोचून चहासुद्धा पितो. बंद शेडमध्ये इंजिन गरम करणं त्याच दिवशी थांबवलं.

मागच्या आठवड्यात कॅटची नवी जोडी बसवली, स्पेसर काढून टाकले. कॉइल वेळेवर बदलली असती तर यातलं काहीच करावं लागलं नसतं. पाइपचे पैसे, रबराचे पैसे, अलार्मचे पैसे हे सगळं मी एका कागदावर मांडलं होतं. बेरीज न करता कागद फाडला. पहिल्या दिवशी नव्या कॅटमधून जळकट वास आला, तेव्हा पोटात गोळा आला. आतलं पॅकिंग पहिल्यांदा तापलं की तसं होतं म्हणे. दुसऱ्या दिवशी गेला.

सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून, परत आत जाऊ नये म्हणून वर चिमटा लावून, साबणाच्या पाण्याने दोनदा धुतला. गाडी उन्हात उभी राहिली की अजून हलकासा येतो. बायको म्हणते येत नाही.