पीएस प्लेट की सीटीपी?

दोन रंगांचं जुनं ऑफसेट मशीन घेतलेल्या एका मित्राचा प्रश्न: छपाईची प्लेट पीएस (आधीच प्रकाशसंवेदी लेप दिलेली) वापरू, की सीटीपी (कॉम्प्युटर-टू-प्लेट, संगणकातून थेट उमटवलेली)?

धातू दोन्हीकडे तोच, खरबरीत केलेलं ॲल्युमिनियम. फरक लेपात आणि प्रतिमा उमटवण्यात. पीएसला आधी फिल्म, म्हणजे मजकूर-चित्र असलेली पारदर्शक शीट, लागते. ती प्लेटवर दाबून अतिनील दिव्याखाली धरायची, मग डेव्हलपर या रसायनाने धुवायची. थर्मल (उष्णतेने प्रतिमा उमटणाऱ्या) सीटीपीत ८३० नॅनोमीटरचा लेझर संगणकातून थेट प्लेटवर लिहितो.

खर्च पाहताना नुसता प्लेटचा भाव धरू नका. पीएस स्वस्त वाटते, पण फिल्मचं बिल वेगळं येतं. सीटीपी यंत्राची किंमत मात्र लहान छापखान्याला झेपत नाही. प्लेट बाहेरून करून घ्यावी.

कष्टात पीएस हरते. फिल्मच्या कडा, चिकटपट्टीच्या खुणा, धुळीचे ठिपके सगळं डिलीशनने (नको त्या खुणा खोडणाऱ्या रसायनाने) पुसत बसा. चार रंगांत फिल्म जरा सरकली की रजिस्टर, म्हणजे रंग एकमेकांवर नेमके बसणं, गेलंच. छापील चित्र ज्यांनी बनतं ती बारीक टिंबंही सीटीपीवर जास्त नेमकी येतात.

टिकाऊपणावर लोक उगाच भांडतात. भट्टीत भाजता येणारी प्लेट असेल तर दोन्हींचं आयुष्य वाढतं. आणि गोंदाचा संरक्षक थर न लावता ठेवली, तर कोणतीही प्लेट ऑक्सिडेशनने नको तिथे शाई पकडते.

बिलबुकं, एकरंगी पावत्या, जुन्या फिल्म जपलेल्या असतील तर पीएस चालेल. बहुरंगी पत्रिका, कॅटलॉग असतील तर सीटीपीच.