आठ महिने माइल्ड पिऊन: फेसाचे पैसे कोण देणार?

गेल्या शनिवारी साडेचार पौंड पाण्यात गेले. पाण्यात गेले असते तर परवडलं असतं, हे व्हिनेगरमध्ये गेले. पबचं नाव लिहीत नाही. काउंटरवरच्या बिअर ओढायच्या हँडपंपावर 'डार्क माइल्ड'ची (माइल्ड ही इथली जुनी, कमी कडू बिअर) पाटी बघून हरखलो, पाइंट घेतला आणि पहिल्याच घोटाला दात आंबले. चार दिवस ओट्यावर विसरलेल्या ताकाचा वास. परत द्यायला गेलो तर काउंटरमागचा पोरगा म्हणतो, "माइल्डची चव तशीच असते." अरे बाबा, गेले आठ महिने मी दुसरं काही पीतच नाहीये! बदलून दिली नाही ती नाहीच. शेजारी बसलेल्या आजोबांनी ग्लास हुंगला आणि शांतपणे म्हणाले, "हे पिंप सोमवारी उघडलंय."

हे वाक्य मला आधी कळलं असतं, तर निम्मा वैताग वाचला असता.

मी मूळचा सांगलीचा, नोकरीसाठी जुलैपासून इंग्लंडमधल्या डडलीत. म्हणजे माइल्डच्या माहेरीच. इथे पूर्वी खाणी, ओतशाळा, साखळ्यांचे कारखाने होते. भट्टीपुढून सुटलेल्या माणसाला घसा ओला करायला घटाघट पिता येईल असं काहीतरी हवं असायचं. आपल्याकडे बिअर म्हणजे दात शिवशिवतील इतकी गार. इथे कास्कमधली (पिंपातली) बिअर तळघरात 11 ते 13 अंशांवर ठेवतात, म्हणजे माठातल्या पाण्यासारखी. पहिल्या दोन महिन्यांत मी वहीत लिहून ठेवलं होतं: "कोमट, पांचट, पाचपैकी दोन."

ते मत जवळच्या सेजलीच्या बीकन हॉटेलने मोडलं. मागच्या बाजूला ब्रुअरी, पुढे पब. बिअर घ्यायची तर छोट्या खिडकीतून वाकून, एसटीच्या आरक्षणासारखी. सेरा ह्यूज यांची ही ब्रुअरी बरीच वर्षं बंद होती, 1987 मध्ये नातवाने आजीच्या कृतीने पुन्हा सुरू केली. तिथली डार्क रूबी माइल्ड 6 टक्क्यांची आहे. 'माइल्ड म्हणजे कमी चढणारी' हे तिथेच डोक्यातून गेलं. मुळात माइल्ड म्हणजे ताजी, न मुरवलेली. आजच्या बहुतेक माइल्ड तीन-साडेतीन टक्क्यांच्या असतात, ही पहिल्या महायुद्धाची देणगी: धान्याची टंचाई, वर कर. रूबीचा रंग उजेडात धरला की कोकम सरबताचा, चव काकवी आणि भिजवलेल्या मनुकांची. सोबत चीज-कांद्याचा कॉब, म्हणजे गोल पाव. दोन पाइंटांनंतर बसस्टॉप लांब वाटतो.

रोजची म्हणाल तर बॅथम्स ब्रुअरीची. ब्रायर्ली हिलच्या व्हाइन पबमध्ये जा. दर्शनी भिंतीवर शेक्सपियरचं वाक्य रंगवलंय, लोक मात्र या पबला 'बुल अँड ब्लॅडर' म्हणतात. माइल्ड हलकी, थोडी गोडसर, शेवटी भाकरीच्या करपलेल्या पापुद्र्याची चव. श्रॉपशरच्या हॉब्सन्स ब्रुअरीची 3.2 टक्क्यांची माइल्ड 2007 मध्ये साऱ्या ब्रिटनच्या बिअर-स्पर्धेत पहिली आली होती. एवढ्याशा अल्कोहोलमध्ये इतकी चव कुठून आणतात कोण जाणे.

आता फेस. बायको म्हणते हा विषय सोड. पण मी रसवंतीत 'बिनबर्फाचा' सांगून वाढलेला माणूस आहे. पाइंट म्हणजे 568 मिली, आणि इथल्या बिअर-पब संघटनेच्याच नियमावलीत फेस बसल्यावर किमान 95 टक्के बिअर असली की चालतं. उरलेले 5 टक्के म्हणजे 28 मिली. वीस पाइंटांमागे एक अख्खा पाइंट हवेत! आठवड्याला तीन धरले तर आठ महिन्यांत मी पाच पाइंट फेसाचे पैसे भरले. उत्तरेकडे तर पंपाच्या तोंडाला जाळी लावून मुद्दाम जास्त फेस काढतात. बिअर महोत्सवांत रेघ आखलेले मोठे ग्लास देतात, फेस रेघेच्या वर राहतो. मग पबांना काय धाड भरलीये? मी आता सरळ ग्लास पुढे करून "जरा वर टाका" म्हणतो. टाकतात. कुणी कपाळाला आठ्या घालत नाही, फक्त मराठी माणसालाच मागायची लाज वाटते.

एक सूचना: कास्कमधली बिअर नितळ व्हावी म्हणून बऱ्याच ब्रुअरी आयसिंग्लास घालतात. ते माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून बनतं. शाकाहारी असाल तर विचारून घ्या. मी गुरुवार बंद केला. दारू चालते, मासा चालत नाही, हसायचं त्यांनी हसा.

आता आजोबांचं वाक्य. कास्क एकदा उघडलं की तीनेक दिवसांत संपायला हवं. नेहमीचं पिंप, फर्किन, 72 पाइंटांचं. दिवसाला दहाच माइल्ड खपत असतील, तर शेवटच्या गिऱ्हाइकाला व्हिनेगरच मिळणार. तो पुन्हा मागत नाही, मग खप आणखी घटतो. अल्कोहोल आणि हॉप्स (बिअर कडू करणारी आणि टिकवणारी फुलं) दोन्ही कमी, त्यामुळे माइल्डला टिकायला आधारच नाही. 36 पाइंटांचं छोटं पिन मिळतं की, ते आणा! ब्रुअरीवाल्यांची चूक नाही, मी त्यांना उगाच दोन गुण दिले होते. आता मी आधी "कधी उघडलं?" विचारतो आणि चव मागतो, घोटभर फुकट देतात.

सध्या पाचपैकी साडेचार. अर्धा फेसाचा कापलाय.

मे महिन्यात कॅमरा या इथल्या बिअरप्रेमींच्या संघटनेचं माइल्ड अभियान असतं, एरवी न ठेवणारे पबही तेव्हा माइल्ड लावतात आणि पिंपं पटापट संपतात. म्हणून मेमधलं सांगलीचं तिकीट जूनमध्ये ढकललंय. हापूस संपलेला असेल, ठाऊक आहे. आईला "ऑफिसात काम आहे" म्हणून सांगितलंय.